गेझपॉइंट जीपी-३ आय ट्रॅकर: शोधणाऱ्याची नजर कुठवर टिपता येते

इंटरनेटवर काही शोधताना निकालांचं पान कुणी पुस्तकासारखं वाचत नाही. कुठे शीर्षक, कुठे खालची अर्धी ओळ, कुठे नुसता पत्ता पाहून नजर पुढे सरकते. हे चाळणं कसं चालतं ते माणसाला विचारून कळत नाही, कारण आपली नजर कुठे गेली होती हे त्यालाच आठवत नसतं. क्लिकच्या नोंदीही अपुऱ्या पडतात. तिसऱ्या निकालावर क्लिक झालं एवढं त्या सांगतात. पहिले दोन वाचून सोडले की पाहिलेच नाहीत, ते सांगत नाहीत. त्यासाठी आय ट्रॅकर, म्हणजे पडद्यावर नजर कुठे पडते ते टिपणारं यंत्र, लागतो. शोधताना होणाऱ्या वाचनाचा अभ्यास करायला कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या गेझपॉइंट कंपनीचा जीपी-३ हा स्वस्त गटातला ट्रॅकर किती पुरतो, ते इथे तपासलं आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. कोणता निकाल पाहिला, कोणत्या क्रमाने पाहिला, किती वेळ पाहिला, तो वाचला की नुसता चाळला, या चार प्रश्नांची भरवशाची उत्तरं हे यंत्र देतं. नजर कोणत्या शब्दावर अडली, हा तुमचा प्रश्न असेल तर हे यंत्र घेऊ नका. सॉफ्टवेअर शब्दावर ठिपका काढून दाखवेल, पण तो ठिपका त्याच शब्दाचा आहे याची खात्री देता येणार नाही.

यंत्र म्हणजे स्क्रीनच्या खाली छोट्या ट्रायपॉडवर बसणारी एक आडवी पट्टी. तिच्यात इन्फ्रारेड दिवे आणि कॅमेरा असतो. दिव्यांची चमक बुबुळावर पडते. कॅमेरा बाहुलीचा मध्य आणि त्या चमकेची जागा शोधतो, आणि दोहोंमधल्या अंतरावरून नजरेची दिशा काढली जाते. नोंदी सेकंदाला ६० होतात. कंपनी अचूकता ०.५ ते १ अंश सांगते आणि स्क्रीन २४ इंचांपर्यंतचा चालतो. डोकं आडवं २५ सेंटिमीटर, उभं ११ सेंटिमीटर आणि मागेपुढे १५ सेंटिमीटर हललं तरी चालतं. हनुवटी टेकवायचा स्टँड लागत नाही, आणि शोधाच्या अभ्यासात ही मोठी सोय आहे. हनुवटी टेकवून कुणी मोकळेपणाने माउस फिरवत नाही.

आता या आकड्यांचा पानावर काय अर्थ होतो ते पाहू. खरेदीचा निर्णय इथेच होतो.

वाचताना डोळा सलग घसरत नाही. तो थांबतो आणि उडी मारतो. या थांबण्याला मुक्काम म्हणू. इंग्रजी वाचनात एक मुक्काम साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांचा असतो, उडी सात ते नऊ अक्षरांची, आणि दर शंभर उड्यांतल्या १० ते १५ मागे जाणाऱ्या. सेकंदाला ६० नोंदी म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक. त्यामुळे २०० मिलिसेकंदांच्या मुक्कामात १२ नोंदी मिळतात. मुक्काम कुठे आणि सुमारे किती वेळ, हे सांगायला तेवढ्या भरपूर झाल्या. मुक्कामाच्या सुरुवातीला आणि शेवटाला एकेका नोंदीची चूक धरावी लागते. वाचनातली उडी मात्र २० ते ४० मिलिसेकंदांत संपते, म्हणजे तिच्या वाट्याला एक किंवा दोन नोंदी येतात. म्हणून उडीचा वेग मोजण्याच्या फंदात ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० नोंदींवर, पडू नये. मुक्कामही वेगाच्या उंबरठ्यावरून न काढता पसरणीवरून काढावेत: किमान १०० मिलिसेकंद नजर एका अंशाच्या आत राहिली तर तो मुक्काम.

अंशांचं पिक्सेलमध्ये रूपांतर प्रत्येकाने स्वतः करून पाहावं. डोळा स्क्रीनपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर एक अंश म्हणजे पडद्यावर १.१३ सेंटिमीटर. २४ इंची, १९२० बाय १०८० च्या मॉनिटरवर एक पिक्सेल ०.२७७ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एक अंश सुमारे ४१ पिक्सेलचा झाला. निकालाखालच्या वर्णनात एका ओळीची उंची साधारण २२ पिक्सेल असते. अर्ध्या अंशाची चूक झाली तर नजर जवळजवळ एक ओळ सरकते, एक अंशाची झाली तर जवळजवळ दोन. शीर्षक, पत्ता आणि वर्णन मिळून एक निकाल साधारण १२० पिक्सेल उंच असतो. निकाल ओळखता येतो आणि ओळ ओळखता येत नाही, त्याचं कारण हे साधं गणित आहे.

हेच यंत्र १५.६ इंची लॅपटॉपसमोर ठेवलं तर परिस्थिती बिघडते. पिक्सेल तितकेच, पण स्क्रीन लहान, म्हणून एक अंश ६३ पिक्सेलचा होतो. विंडोजने अक्षरं १२५ टक्के मोठी केली तरी ओळ साडेसत्तावीस पिक्सेलची, म्हणजे एक अंशाची चूक सव्वादोन ओळींहून मोठी. लॅपटॉप उचलून कुठेही नेता येतो म्हणून लोक त्यावरच प्रयोग करतात. तसं करू नका. लॅपटॉपला २४ इंची मॉनिटर जोडा, सहभागी माणसाला मॉनिटरसमोर बसवा आणि लॅपटॉपचा पडदा तुमच्या देखरेखीसाठी ठेवा. मात्र ट्रॅकरच्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य स्क्रीन निवडला आहे ना, ते दर वेळी पाहून घ्या.

देवनागरीसाठी आणखी एक गोष्ट. उडी किती अक्षरांची, हे इंग्रजीचं मोजमाप आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. ‘स्वातंत्र्य’ या शब्दात अक्षरं किती, यावरच दोन माणसांची दोन उत्तरं येतील, आणि ‘त्र्य’ने घेतलेली जागा ‘र’ने घेतलेल्या जागेच्या दुपटीहून जास्त भरेल. म्हणून मराठी पानांवर उड्या अंशांत मोजाव्यात. शिवाय वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार, यांमुळे ओळींमध्ये जास्त मोकळी जागा हवी. प्रयोगाचं पान तुम्हीच बनवत असाल तर १६ पिक्सेलच्या अक्षराला २८ ते ३० पिक्सेलची ओळ द्या. वाचणाऱ्याला बरं वाटतं आणि ओळी ओळखण्याची शक्यताही थोडी वाढते. पान १५० टक्के मोठं करण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने ओळ ओळखता येईल, पण पहिल्या पडद्यावर चारच निकाल मावतील आणि शोधणाऱ्याचं वागणंच बदलेल. तो सौदा आम्हाला पटत नाही.

मांडणी

ट्रॅकर डोळ्यांपासून हातभर, ६५ सेंटिमीटरच्या आसपास असावा आणि त्याचं तोंड चेहऱ्याकडे वर वळलेलं असावं. गेझपॉइंट कंट्रोल हे सॉफ्टवेअर उघडलं की दोन्ही डोळ्यांचं चित्र आणि अंतर दाखवणारा रंगीत ठिपका दिसतो. ठिपका मधोमध हिरवा राहील तिथे खुर्ची ठेवायची. खुर्ची चाकांची किंवा फिरणारी नको. दहा मिनिटांत माणूस सैल होऊन पाच-सहा सेंटिमीटर खाली घसरतो, आणि उभ्या दिशेला सूटच ११ सेंटिमीटरची आहे. मॉनिटरची खालची कड ट्रॅकरमुळे झाकली जात नाही ना, तेही बघा.

खोलीतला खरा शत्रू म्हणजे ऊन. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, आणि खिडकीतून आलेली एक तिरीप गालावर पडली तरी बाहुली सापडेनाशी होते. पातळ पडदा पुरत नाही, जाड लागतो. जुने पिवळे बल्ब आणि हॅलोजनही इन्फ्रारेड टाकतात, एलईडी दिवे चालतात. पंखा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर नको. डोळे कोरडे पडतात, पापण्या जास्त लवतात आणि प्रत्येक लवण्यात नोंदी गळतात. कीबोर्ड आणि ट्रॅकर एकाच हलक्या टेबलावर असतील तर टाइप करताना ट्रायपॉड थरथरतो. मॉनिटर आणि ट्रॅकर भिंतीला टेकवलेल्या जड टेबलावर ठेवा आणि कीबोर्ड वेगळ्या फळीवर. यूएसबीची तार थेट संगणकाच्या पोर्टमध्ये घाला, मध्ये हब नको.

सहभागी माणसांना बोलावतानाच सांगावं: काजळ, मस्कारा आणि आयलाइनर लावून येऊ नका. सॉफ्टवेअर बाहुलीला काळा गोल म्हणून ओळखतं, आणि काजळाची रेघ इन्फ्रारेडमध्येही काळीच दिसते. डोळा खाली झुकला की ती रेघ बाहुलीला चिकटल्यासारखी दिसते आणि काढलेला मध्य सरकतो. ही चूक फसवी असते, कारण नोंद गळत नाही, ती चुकीच्या जागी पडते. काजळ रोजचं असेल तर पुसायला साधं क्लिन्झर आणि कापूस खोलीत ठेवा, आणि हे आधी फोनवर बोलून घ्या. ऐन वेळी सांगितलं तर माणूस अवघडतो. साध्या चष्म्याचा फारसा त्रास नाही. काचेवर दिव्याची तिरीप चमकत असेल तर ट्रॅकर दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकवून कोन बदलतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याची माणसं वाचण्यासाठी मान वर करून काचेच्या खालच्या भागातून बघतात, त्यांची नजर दोन भिंगांच्या सीमेवर उडी मारते. अशांच्या नोंदी वेगळी खूण करून ठेवाव्यात. त्यांना सरसकट वगळू मात्र नये, नाहीतर पन्नाशीपुढचा वाचकच अभ्यासातून नाहीसा होतो.

कॅलिब्रेशन, म्हणजे ठरलेल्या बिंदूंकडे पाहायला लावून यंत्राला त्या माणसाच्या डोळ्यांशी जुळवून घेणं, ५ किंवा ९ बिंदूंचं करता येतं. वाचनासाठी नऊच घ्या. ते संपलं की सॉफ्टवेअर सरासरी चूक दाखवतं. त्या आकड्यावर थांबू नका, कारण ज्या बिंदूंवर जुळवाजुळव केली तिथेच मोजलेली चूक नेहमी कमी दिसते. वेगळ्या जागांवर पाच बिंदू दाखवून स्वतः तपासा: मध्यभागी एक आणि निकाल ज्या भागात येतात तिथे चार. सरासरी ०.७ अंशाच्या आत आणि एकही बिंदू एक अंशाबाहेर नाही, एवढं साधलं तरच पुढे जा. ट्रॅकर खाली असल्याने सर्वांत लांबचे वरचे कोपरे बहुधा सर्वांत कच्चे असतात, आणि शोधपट्टी व पहिला निकाल नेमके वर डावीकडेच येतात. म्हणून ब्राउझरची खिडकी थोडी खाली ओढून ठेवावी. तीनदा करूनही जमलं नाही तर त्या व्यक्तीचे आभार मानून तिला मोकळं करा. ३० जणांच्या नोंदी हव्या असतील तर ३६ जणांना बोलवा. दर दहा-बारा मिनिटांनी, दोन शोधकार्यांच्या मधल्या जागेत, पुन्हा तपासणी करा.

मराठी शोधात एक अडचण हमखास येते, आणि तिचा विचार इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सापडत नाही: टायपिंग. इन्स्क्रिप्टवर किंवा रोमनमधून मराठी टाइप करताना बहुतेकांची मान कीबोर्डकडे खाली जाते. तेवढा वेळ ट्रॅकरला डोळे दिसत नाहीत, आणि मान वर आल्यावर ते पुन्हा सापडायला क्षणभर लागतो. नेमक्या त्याच क्षणी निकालांचं पान उघडतं आणि पहिली नजर हातची जाते. यावर दोन उपाय आहेत. शोधशब्द आधीच भरून ठेवायचे आणि माणसाने फक्त बटण दाबायचं. किंवा टाइप करू द्यायचं, पण निकाल दाखवण्याआधी मधोमध एक फुली दाखवून नजर तिच्यावर अर्धा सेकंद स्थिरावल्यावरच पान उघडायचं. दुसरा उपाय जास्त नैसर्गिक आहे. त्यासाठी थोडा प्रोग्राम लिहावा लागतो, एवढंच.

नोंदी बाहेर काढताना

इथे जीपी-३ ची बाजू भक्कम आहे. कंपनीचं स्वतःचं गेझपॉइंट ॲनालिसिस हे सॉफ्टवेअर रंगीत नकाशे (जिथे नजर जास्त वेळ, तिथे लाल डाग), नजरेचा माग आणि क्षेत्रवार बेरजा काढून देतं, पण अभ्यासासाठी खरी किंमत आहे ती खुल्या एपीआयची, म्हणजे नोंदी थेट आपल्या प्रोग्राममध्ये घेण्याच्या सोयीची. कंट्रोल चालू असलं की ४२४२ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरच्या एका ठरलेल्या दारावर, एक्सएमएल या मजकुराच्या स्वरूपातल्या साध्या ओळी येतात. त्या कोणत्याही प्रोग्रामिंगच्या भाषेतून वाचता येतात, सायकोपाय आणि पायगेझ या प्रयोग बनवायच्या सॉफ्टवेअरमधूनही. कंट्रोल फक्त विंडोजवर चालतं, मात्र नोंदी घेणारा संगणक लिनक्स किंवा मॅकचा असला तरी अडत नाही.

प्रत्येक नोंदीत काय असतं ते एकदा जवळून पाहू. एफपीओजी हे यंत्राच्या आतल्या गाळणीने ठरवलेले मुक्काम: जागा, सुरुवातीची वेळ, कालावधी, क्रमांक आणि नोंद वैध की अवैध हे सांगणारा १ किंवा ०. बीपीओजी म्हणजे दोन्ही डोळ्यांची सरासरी, कच्ची जागा. जागा पिक्सेलमध्ये येत नाही, पडद्याच्या अपूर्णांकात येते: वरचा डावा कोपरा शून्य-शून्य, खालचा उजवा एक-एक. एफपीओजी सोपं वाटतं म्हणून लोक तेवढंच साठवतात. बीपीओजीही साठवाच, कारण उद्या मुक्कामाचा निकष बदलायचा झाला तर कच्च्या नोंदींशिवाय बदलता येणार नाही.

समजा एका मुक्कामाची उभी जागा ०.४२ आली. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर ती ४५४ व्या पिक्सेलवर पडते. विंडोजमध्ये आकार १२५ टक्के असेल तर ब्राउझरचे पिक्सेल वेगळे असतात. त्याच्या लेखी पडदा १९२० नव्हे, १५३६ पिक्सेल रुंद आहे, म्हणून ४५४ ला १.२५ ने भागायचं: ३६३. वरची टॅब आणि पत्त्याची पट्टी ८८ पिक्सेल खाते, ती वजा केली की २७५. पान ६०० पिक्सेल वर सरकलेलं होतं, ते मिळवलं की ८७५. पानावर ८७५ पिक्सेलपाशी जो निकाल असेल, तो या मुक्कामाचा. यातली एक पायरी चुकली की सगळे मुक्काम एक-दोन निकाल वर किंवा खाली सरकतात, आणि आलेख तरीही सुबक दिसतो. आकार बदलायची पायरी सर्वांत जास्त विसरली जाते. प्रयोगाच्या संगणकावर आकार १०० टक्के ठेवला तर ही भानगडच उरत नाही.

पान किती सरकलं याची नोंद ब्राउझरकडून घ्यावी लागते. पानात छोटी स्क्रिप्ट घालून प्रत्येक सरकणं वेळेसह साठवा आणि मऊ स्क्रोलिंग बंद करा. पान हलत असताना डोळा मजकुरासोबत सरकतो, गाळणीला ते कधी मुक्काम वाटतं, कधी नाही. ते तुकडे मोजणीतून काढून टाकावेत. दोन घड्याळं जुळवण्यासाठी एपीआयमध्ये यूझर डेटा नावाची जागा आहे. पान उघडलं, क्लिक झालं, कार्य संपलं, अशा खुणा तिथे पाठवल्या की त्या नजरेच्या नोंदींच्या रांगेतच येऊन बसतात. काही मिलिसेकंदांचा उशीर होतो, पण दोन नोंदींतलं अंतरच १६.७ मिलिसेकंद असताना तो खपून जातो.

चूक हळूहळू साचत जाते का, हे ओळखायला एक फुकटची युक्ती आहे. माणूस दुव्यावर क्लिक करतो तेव्हा त्याची नजर बहुधा त्याच दुव्यावर असते. प्रत्येक क्लिकच्या क्षणी नजर आणि माउस यांतलं उभं अंतर काढा आणि कार्यागणिक त्याचा मध्यक मांडा. तो १० पिक्सेलवरून ३५ पिक्सेलपर्यंत सरकत गेला तर माणूस खुर्चीत घसरला आहे, पुन्हा कॅलिब्रेशन करा. एखाद्या कार्यात वैध नोंदी ८० टक्क्यांहून कमी असतील तर ते कार्य बाजूला ठेवावं.

आता वाचलं की चाळलं, हा प्रश्न. अचूकता आणि सातत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅकरचे सगळे ठिपके पाऊण अंश खाली पडत असतील तर अचूकता वाईट, पण ते सगळे सारखेच खाली पडत असतील तर एकमेकांच्या तुलनेत त्यांची जागा बरोबरच असते. त्यामुळे नेमकी ओळ सांगता आली नाही तरी नजर छोट्या छोट्या उड्या मारत उजवीकडे गेली, मग एकदम डावीकडे खाली परतली, हा आकृतिबंध ओळखता येतो. ते वाचन. दोन-तीन मुक्काम करून नजर थेट पुढच्या निकालावर गेली, तर ते चाळणं. आमच्या मते या किमतीच्या यंत्रातून मिळणारी सर्वांत मोलाची माहिती हीच आहे, आणि रंगीत नकाशात ती अजिबात दिसत नाही.

नकाशांबद्दल सावध राहा. २००५ साली निकालांच्या पानाचा ‘सुवर्ण त्रिकोण’ (नजर वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या त्रिकोणात एकवटते, ही कल्पना) गाजला, २००६ मध्ये संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या गटाने २३२ जणांच्या वाचनातून इंग्रजी एफच्या आकाराचं निरीक्षण मांडलं, आणि तेव्हापासून लाल डाग दाखवणं म्हणजेच अभ्यास, असा समज पसरला. लाल डाग म्हणजे तिथे वेळ गेला, एवढंच. गोडी वाटली म्हणून गेला की समजेना म्हणून गेला, ते डाग सांगत नाही. एकच माणूस एका जागी वीस सेकंद रेंगाळला तरी कमी जणांच्या नकाशात तेवढाच लाल डाग उमटतो. कार्य संपल्यावर माणसाला त्याच्याच नजरेचा माग दाखवून ‘इथे काय शोधत होता?’ असं विचारावं. शोधत असतानाच बोलायला लावू नये. बोलताना नजर मजकुरावर जास्त वेळ थांबते.

६० हर्ट्झ म्हणजे खेळणं, असं म्हणणाऱ्यांनी या क्षेत्रातली जुनी कामं पाहावीत. २००४ साली कॉर्नेल विद्यापीठात लॉरा ग्रांका, थॉर्स्टन जोआकिम्स आणि जेरी गे यांनी दाखवलं की पहिल्या आणि दुसऱ्या निकालावर नजर जवळजवळ सारखाच वेळ असते, क्लिक मात्र पहिल्यावर कितीतरी जास्त होतात. हा शोध निकालाच्या पातळीवरचा आहे, शब्दाच्या नव्हे. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एडवर्ड कट्रेल आणि झिवेई ग्वान यांनी वर्णनाची लांबी कमीजास्त करून पाहिली, तीही टोबी कंपनीच्या एक्स-५० या ५० हर्ट्झच्या ट्रॅकरवर. लांब वर्णनाने माहिती शोधणाऱ्यांना मदत झाली, तर ठरावीक संकेतस्थळ शोधणाऱ्यांचा घोटाळा झाला, कारण वाढलेल्या मजकुरात नजर गुंतली आणि खालच्या पत्त्याकडे कमी गेली. असा प्रयोग मराठीत जीपी-३ वर जसाच्या तसा करता येईल. ‘सातबारा काढायचं सरकारी संकेतस्थळ’ हे ठरावीक जागेचं कार्य आणि ‘सातबाऱ्यावरची नावातली चूक कशी दुरुस्त करतात’ हे माहितीचं. पानं मात्र आधी उतरवून स्थिर करून ठेवा. थेट इंटरनेटवरचे निकाल माणसागणिक आणि तासागणिक बदलतात, मग तुलनाच उरत नाही.

शब्दाच्या पातळीवर जायचं असेल तर वाट वेगळी. एसआर रिसर्च कंपनीचा आयलिंक १००० प्लस हा ट्रॅकर सेकंदाला २००० पर्यंत नोंदी घेतो, अचूकता पाव ते अर्धा अंश, हनुवटीचा स्टँड आणि वेगळा संगणक बरोबर. मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने वाचणाऱ्याला वाक्यातला उपरोध कळला की नाही हे नजरेवरून ओळखण्याचं काम केलं, ते आयलिंकच्या नोंदींवर. हिंदी वाचनाचा पॉट्सडॅम-अलाहाबाद संग्रह आहे, त्यात १५३ वाक्यं शब्दागणिक तपासली आहेत. ती जीपी-३ ची इयत्ता नाही. मधली पायरी हवी असेल तर गेझपॉइंटचाच जीपी-३ एचडी १५० हर्ट्झचा आहे. मुक्कामाचा कालावधी त्याने जास्त नेमका मिळतो, ओळ मात्र त्यानेही पक्की होत नाही, कारण अचूकतेचा आकडा तोच राहतो.

दुसऱ्या टोकाला वेबगेझर आहे: ब्राउन विद्यापीठात तयार झालेलं, साध्या वेबकॅमवर चालणारं फुकट सॉफ्टवेअर. चूक चार अंशांच्या आसपास धरा, म्हणजे २४ इंची पडद्यावर १६० पिक्सेलहून जास्त, एका निकालाच्या उंचीपेक्षाही मोठी. डावीकडे की उजवीकडे, वर की खाली, इतकंच कळतं. घरोघरच्या शेकडो लोकांपर्यंत पोचायचं असेल तर ते वापरावं. जीपी-३ च्या जागी नाही. गेमसाठी मिळणारे टोबीचे ट्रॅकर स्वस्त दिसतात, पण नजरेच्या नोंदी साठवून त्यांचं विश्लेषण करायला वेगळा परवाना लागतो. संशोधनासाठी ते आडवाटेने वापरू नयेत.

जीपी-३ ची आपल्याकडची मोठी मर्यादा म्हणजे मोबाइल. शोधणारे बहुतेक हात आज फोनवर आहेत, आणि हे यंत्र टेबलावरच्या स्क्रीनसाठी बनलं आहे. फोन ३०-३५ सेंटिमीटरवर धरला जातो, ट्रॅकरला ६५ लागतात. फोन स्टँडवर लांब बसवला तर अक्षरं बारीक होतात, आणि स्क्रोल करणारा हात ट्रॅकर आणि डोळा यांच्या मध्ये येतो. फोनवरच्या शोधासाठी हे यंत्र घेण्याचा विचार सोडून द्या.

नोंदींच्या संमतीपत्रात डोळ्यांचं चित्र दिसतं आणि नजरेच्या नोंदी साठवल्या जातात, हे दोन्ही साध्या मराठीत लिहा. नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता आपल्याकडे आहे, आणि त्याआधीही हे करणं सभ्यपणाचंच होतं.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडे प्रत्यक्ष चाचणी मागा. दरपत्रकात ट्रॅकर, ॲनालिसिस सॉफ्टवेअर आणि सीमाशुल्क वेगवेगळे लिहून घ्या, कारण फक्त एपीआय वापरणार असाल तर सॉफ्टवेअरचा खर्च वाचतो. चाचणीसाठी एक पान तयार करून न्या: देवनागरीतले दहा निकाल, प्रत्येक १२० पिक्सेल उंच, मध्ये ३० पिक्सेल रिकामे. तीन माणसं बरोबर न्या: एक बिनचष्म्याचा, एक साध्या चष्म्याचा, एक प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा. नऊ बिंदूंचं कॅलिब्रेशन करा आणि प्रत्येकाला सांगा, ‘दुसरा, सातवा, चौथा आणि दहावा निकाल या क्रमाने वाचा.’ मग दहा मिनिटं साध्या गप्पा मारा, त्यांना खुर्चीत सैल होऊ द्या, आणि पुन्हा कॅलिब्रेशन न करता दुसऱ्या क्रमाने चार निकाल वाचायला लावा. पहिल्या फेरीत तिघांचेही चारही निकाल बरोबर यायला हवेत. दुसऱ्या फेरीत एखादा शेजारच्या निकालावर घसरला, तर तुमच्या प्रयोगात दर दहा मिनिटांनी थांबावं लागेल आणि तेवढा वेळ वेळापत्रकात धरावा लागेल. पहिल्याच फेरीत घसरला तर आधी खिडकीचा पडदा ओढा, दिवे बघा, ट्रॅकरचा कोन बदला आणि पुन्हा करा. तरीही घसरला तर त्या खोलीत हे यंत्र घेऊन उपयोग नाही.